परिचित शब्द, अपरिचित अर्थ : कादंबरीवाचन आणि अनेकार्थी शब्दांचे अध्ययन

१

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे अन्यभाषक पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक लहानसा मराठी वाचनवर्ग होता. वर्गातील सर्वांना मराठीचे व्याकरण चांगले अवगत होते आणि नित्य व्यवहारातील शब्दांविषयी त्यांची फारशी तक्रार नव्हती. एके दिवशी ग्रामीण जीवनावरील एका कादंबरीतील प्रकरण वाचून येण्यास त्यांना सांगितले होते. त्या प्रकरणात एका गड्याला रात्री बांधावर पान लागते. घरात रडारड होते, कडुनिंबाचा पाला आणला जातो, मांत्रिकाला बोलावणे जाते. वर्गात एका विद्यार्थिनीने या प्रसंगाचा सारांश असा सांगितला : त्या माणसाच्या अंगाला झाडाचे पान लागले, रात्री अंगाला पान लागणे हा त्या गावात मोठा अपशकुन मानला जात असावा, आणि म्हणूनच घरच्यांनी मांत्रिकाला बोलावले.

मराठी ग्रामीण भाषेत 'पान लागणे' म्हणजे सर्पदंश होणे, हे त्या विद्यार्थिनीला ठाऊक नव्हते. सापाचे नाव रात्री घेऊ नये या समजुतीतून रूढ झालेला हा प्रयोग शहरातील मराठीभाषक विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. तेव्हा तो ठाऊक नसणे हा दोष नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. 'पान' आणि 'लागणे' हे दोन्ही शब्द तिला येत होते, त्यामुळे कोश उघडण्याची गरज तिला भासली नाही. पुढच्या मजकुराशी तिने घेतलेल्या अर्थाचा मेळ बसेना, तेव्हा तिने शब्दाच्या अर्थाविषयी शंका घेतली नाही. उलट त्या अर्थाला साजेशी एक लोकसमजूत कल्पून तिने विसंगती मिटवून टाकली. तिचा तर्क बुद्धिमान होता, आणि तिच्या अज्ञानावर पांघरूण घातले ते याच तर्काने.

कादंबरी वाचल्याने शब्दसंग्रह वाढतो, हे विधान आपण सर्वजण नेहमी करतो. परंतु ज्या शब्दाचा एक अर्थ वाचकाला आधीच येतो, त्याचे दुसरे व तिसरे अर्थ केवळ वाचनाने कळतात काय? कळत असतील तर कोणत्या परिस्थितीत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम संज्ञांचा थोडा उलगडा केला पाहिजे. एकाच शब्दाला परस्परसंबद्ध असे अनेक अर्थ असणे, या गोष्टीला फ्रेंच अर्थविज्ञ मिशेल ब्रेआल याने १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविज्ञानविषयक ग्रंथात स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला अनेकार्थता म्हणू. हिच्याहून भिन्न असा दुसरा प्रकार म्हणजे समरूपता. 'नाव' या शब्दाचे नाम आणि होडी असे दोन अर्थ आहेत; परंतु पहिला 'नामन्' या व दुसरा 'नौ' या संस्कृत शब्दापासून आला असून ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात त्यांचे रूप योगायोगाने एक झाले आहे. 'पान' या शब्दाची गोष्ट तशी नाही. झाडाचे पान, विड्याचे पान, पुस्तकाचे पान, जेवणासाठी वाढलेले पान, हे अर्थ एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्या आहेत. पूर्वी जेवण पानावरच वाढले जाई. म्हणून आज स्टीलचे ताट मांडूनही आपण 'पाने घेतली' असेच म्हणतो. वस्तू बदलली तरी शब्द राहिला, आणि त्याच्या अर्थात एक भर पडली.

ही भर सर्व शब्दांत सारखी पडत नाही. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिप्फ याने १९४५ मध्ये असे दाखविले, की जो शब्द भाषेत जितका अधिक वापरला जातो, तितके त्याचे अर्थ सर्वसाधारणपणे अधिक असतात. करणे, घेणे, काढणे, लागणे, पडणे ही क्रियापदे आठवली म्हणजे मराठीपुरती याची खात्री पटते. मात्र अध्यापनाच्या दृष्टीने या नियमाचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. अधिक वारंवारतेचे शब्द विद्यार्थी प्रथम शिकतो. म्हणजेच ज्या शब्दांविषयी त्याला सर्वांत अधिक आत्मविश्वास वाटतो, त्यांच्याच पोटी त्याला न भेटलेले अर्थ सर्वांत अधिक असतात. कठीण शब्द वाचकाला थांबवितो आणि विचार करावयास लावतो. सोपा शब्द त्याला तसाच पुढे जाऊ देतो.

३

कादंबरीवाचनातून शब्द नकळत कसे शिकले जातात, याविषयी झालेल्या प्रयोगांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सरागी, नेशन व माइस्टर यांनी १९७८ मध्ये प्रकाशित केला. त्यांनी अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही १९६२ सालची कादंबरी निवडली. या कादंबरीतील तरुणांच्या टोळीची बोली लेखकाने मुख्यतः रशियन शब्दांना इंग्रजी वळण देऊन घडविली आहे. शब्दसूची नसलेल्या प्रती इंग्रजी-भाषक प्रौढ वाचकांना देण्यात आल्या; पुढे शब्दार्थांची परीक्षा होणार आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. वाचनानंतर काही दिवसांनी ९० शब्दांची बहुपर्यायी चाचणी घेतली असता सरासरी ७६ टक्के शब्दांचे अर्थ वाचकांना बरोबर सांगता आले.

हा निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी त्या प्रयोगातील वाचक स्वतःच्याच भाषेतील पुस्तक वाचत होते. हॉर्स्ट, कॉब व मीरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओमानमधील इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या कादंबरीची सुलभ आवृत्ती वर्गात संपूर्ण वाचण्यात आली. त्यांच्या शब्दज्ञानात पडलेली भर सरासरी सुमारे ५ शब्दांची होती. पुढे २०१० मध्ये पेलिसेर-सांचेस व श्मिट यांनी चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीतील ईग्बो शब्द निवडून, इंग्रजीत प्रगत असलेल्या स्पॅनिश वाचकांवर प्रयोग केला. दहापेक्षा अधिक वेळा आलेल्या शब्दांपैकी ८४ टक्के शब्दांचा अर्थ वाचकांना ओळखता आला. पर्याय न देता अर्थ आठवून सांगावयास लावला, तेव्हा मात्र हे प्रमाण ५५ टक्क्यांवर आले. ओळखणे आणि आठवणे यांतील हे अंतर अध्यापकाने विसरता कामा नये.

या सर्व प्रयोगांची मांडणी पाहिली असता एक मर्यादा स्पष्ट दिसते. शब्द तेव्हाच 'आला' असे मानले गेले, जेव्हा त्याच्या रूपाशी एक अर्थ जोडला गेला. एक रूप व एक अर्थ, असा हा हिशेब आहे. त्यातही बरीचशी रूपे वाचकाला नवी होती; ईग्बो शब्द स्पॅनिश वाचकापुढे येतो तेव्हा त्याच्या मनातील जागा रिकामीच असते. ती भरणे सोपे. अगोदरच एका अर्थाने व्यापलेल्या जागेत दुसऱ्या अर्थाला वाव करून देणे हे वेगळे काम आहे.

गंमत अशी, की बर्जेसच्या कादंबरीतच याचे उत्तम नमुने सापडतात. तिच्यातील काही शब्दांचे रूप इंग्रजी वाचकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. 'रॅबिट' म्हणजे ससा, हे लहान मुलालाही माहीत असते. या टोळीच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ काम करणे असा आहे, कारण तो 'रबोता' या रशियन शब्दावरून घेतला आहे. 'स्टारी' म्हणजे इंग्रजीत तारकांनी भरलेले. येथे म्हातारे किंवा जुने. असा शब्द प्रथम भेटतो तेव्हा वाचक ससाच डोळ्यांपुढे आणू पाहतो, आणि वाक्यात सशाला बसावयास कोठेच जागा नाही असे आढळल्यावरच तो जुना अर्थ सोडतो. दुसऱ्या अर्थाचे अध्ययन येथूनच सुरू होते : पहिला अर्थ अडला पाहिजे. 'पान लागणे' वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीचा अर्थ अडला नाही. तो अपशकुनाच्या वाटेने निसटून गेला.

४

वाचक आपला परिचित अर्थ किती चिकाटीने धरून ठेवतो, याचा पुरावा बेन्सुसान व लाउफर यांच्या १९८४ सालच्या अभ्यासात मिळतो. इस्रायलमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना इंग्रजी उताऱ्यातील शब्दांचे अर्थ संदर्भावरून सांगण्यास त्यांनी सांगितले होते. अनेकार्थी शब्दांच्या बाबतीत विद्यार्थी आपल्याला येणारा अर्थच पुष्कळदा पुढे करीत, मग तो त्या वाक्यात बसो वा न बसो. लाउफर यांनी पुढे १९९७ मध्ये वाचकाच्या शब्दविषयक अडचणींची वर्गवारी करताना, न येणारे शब्द आणि येतात असे वाटणारे शब्द यांत भेद केला व दुसरा वर्ग अधिक फसवा असल्याचे प्रतिपादिले. न येणाऱ्या शब्दापाशी वाचकाला आपले अज्ञान कळते. येतो असे वाटणाऱ्या शब्दापाशी ते कळत नाही. त्यामुळे संदर्भाकडे साहाय्य मागण्याचा प्रसंगच उद्भवत नाही.

यावरून 'संदर्भाने अर्थ कळतो' या आपल्या आवडत्या सूत्राला एक पुरवणी जोडावी लागते. जो संदर्भाकडे पाहतो त्यालाच संदर्भ अर्थ सांगतो, आणि संदर्भाकडे पाहावयाचे ते शंका आल्यावर. तेव्हा अध्यापकाचे पहिले कर्तव्य अर्थ सांगणे हे नसून योग्य ठिकाणी शंका उत्पन्न करणे हे आहे.

५

मग कादंबरीच का? निवडक वाक्यांची एखादी यादी या कामाला पुरणार नाही काय? याचे उत्तर एका शब्दाच्या तपशिलातून देणे बरे. 'लागणे' हे क्रियापद घेऊ. संस्कृत 'लग्' या धातूतील चिकटणे, संपर्क होणे हा भाव त्याच्या मुळाशी आहे. 'पायाला ठेच लागली', 'भात बुडाशी लागला' येथे तो अजून स्पष्ट दिसतो. 'भूक लागली', 'झोप लागली' येथे संवेदना माणसाला येऊन चिकटते. 'चहा गोड लागला' यात जिभेचा अनुभव आहे. 'दोन तास लागले' यात खर्च किंवा गरज आहे. 'तो माझा मामा लागतो' यात नाते आहे. शिवाय निकाल लागतो, शोध लागतो, लग्न लागते, दिवे लागतात, झाडाला फळे लागतात. अखेरीस, 'मला जावे लागले' आणि 'तो जाऊ लागला' या दोन वाक्यांत हे क्रियापद केवळ साहाय्यक होऊन पहिल्यात सक्ती आणि दुसऱ्यात आरंभ दाखविते.

कोशात हे अर्थ क्रमांक लावून एकाखाली एक दिलेले असतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती अथवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यांचे साहाय्य कोणत्याही अभ्यासकाला टाळता येणार नाही. परंतु क्रमांकांची ती ओळ पाठ करून कोणाला 'लागणे' आले, असे ऐकिवात नाही. याचे कारण असे, की हे अर्थ सुटे राहत नाहीत. प्रत्येक अर्थाची एक चौकट असते. भूक व झोप यांच्या वेळी अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. नात्याच्या वेळी 'माझा', 'तिचा' असे संबंधदर्शक रूप येते. सक्तीच्या वेळी मागील क्रियापद 'जावे', 'करावे' असे असते, आणि आरंभाच्या वेळी 'जाऊ', 'रडू' असे असते. ज्याला केवळ सक्तीचा अर्थ येतो, तो विद्यार्थी 'ती रडू लागली' याचा अर्थ 'तिला रडणे भाग पडले' असा करतो. त्याची चूक 'लागणे' या शब्दात नसून 'रडू' या रूपाकडे न पाहण्यात आहे.

आपल्या परंपरेत हा विचार फार जुना आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात, शब्दाचा अर्थ संदिग्ध असता निर्णय कशाने होतो याची साधने सांगितली आहेत. त्यांत साहचर्य आहे, विरोध आहे, प्रकरण आहे, शेजारच्या दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य आहे, औचित्य आहे, देश आणि काळही आहेत. लक्ष्मणाबरोबर आलेला राम हा दशरथाचा पुत्र. कार्तवीर्य अर्जुनाच्या विरोधात उभा राहिलेला राम हा परशुराम. जेवणाच्या वेळी मागितलेले सैंधव म्हणजे मीठ, प्रवासाला निघताना मागितलेले सैंधव म्हणजे घोडा. विसाव्या शतकात फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असा विचार मांडला तो याच दिशेचा.

आता ही साधने सुट्या वाक्यात किती मिळतात, ते पाहावे. शेजारचा शब्द व विभक्ती मिळतात. प्रकरण, देश, काळ व औचित्य मात्र मिळत नाहीत. 'त्याला पान लागले' एवढ्याच वाक्यावरून सर्पदंशाचा अर्थ कोणालाही काढता येणार नाही. बांध, रात्र, कडुनिंबाचा पाला, मांत्रिक, पुढच्या प्रकरणातील सुतक, ही सारी सामग्री पसरलेल्या कथनातच मिळू शकते. कादंबरी वाचकाला एका जगात दीर्घकाळ राहावयास लावते. तेथील माणसे कोणत्या प्रसंगी काय बोलतील, याची अपेक्षा त्याच्या मनात तयार होते, आणि चुकीचा अर्थ या अपेक्षेवर आदळतो.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. गेल, चर्च व यारोव्स्की यांनी १९९२ मध्ये संगणकीय अर्थनिर्णयाच्या संदर्भात असे दाखविले, की एकाच लेखनात पुन्हा पुन्हा येणारा शब्द बहुधा एकाच अर्थाने येतो. असे असेल तर एका कादंबरीत एका शब्दाचे अनेक अर्थ भेटणार कसे? परंतु हा निष्कर्ष मुख्यतः एकमेकांपासून दूर असलेल्या अर्थांना लागू पडतो. पुढे १९९८ मध्ये क्रोव्हेट्झ यांनी अर्थांचे सूक्ष्म भेद लक्षात घेतले असता एकाच लेखनात अनेक अर्थ आढळतात, असे दाखवून दिले. आपल्या दृष्टीने दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत. नाविकांच्या कथेत 'नाव' बहुधा होडीच राहील; 'लागणे', 'काढणे', 'वाट' यांसारखे शब्द मात्र एकाच प्रकरणात चार अर्थांनी भेटतील. कोणता शब्द एका कादंबरीवर सोपवावा आणि कोणत्यासाठी दुसरी शोधावी, हे यावरून ठरविता येते.

६

या विवेचनातून वाचनवर्गासाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली सूचना समासातील अर्थटीपांविषयी आहे. पाठ्यपुस्तकात कठीण शब्दाला टीप देण्याची आपली पद्धत आहे, आणि दुर्मिळ शब्दापुरती ती योग्यही आहे. परंतु टीप नसलेला शब्द सोपा, असा संकेत त्यातून वाचकाला नकळत मिळतो. 'कडुनिंब' या शब्दाला टीप आणि 'पान लागणे' या प्रयोगाला नाही, अशी प्रत विद्यार्थ्याला मदत करण्याऐवजी चकविते. अशा जागी अर्थ न देता केवळ प्रश्नचिन्ह छापावे. थांबण्याची खूण वाचकाला तेवढ्यानेही मिळते.

दुसरी सूचना वाचनाच्या क्रमाची. पहिले वाचन कथेसाठी, अखंड व्हावे. दुसऱ्या वाचनाच्या वेळी अध्यापकाने पंधरा-वीस अतिपरिचित शब्द निवडून द्यावेत आणि विद्यार्थ्याने प्रत्येकासाठी एक कार्ड करावे. त्यावर अर्थ लिहावयाचा नाही. शब्द ज्यात आला ते संपूर्ण वाक्य, पृष्ठांक, शेजारचे नाम वा क्रियारूप, आणि बोलणारा कोण, एवढेच लिहावयाचे. पुरेशी वाक्ये जमल्यावर त्यांचे गट पाडावेत, गटांचे परस्परसंबंध शोधावेत, आणि त्यानंतरच कोश उघडावा. स्वतः पाडलेले गट कोशातील क्रमांकांशी ताडून पाहताना विद्यार्थ्याला कोश प्रथमच वाचता येऊ लागतो.

तिसरी सूचना परीक्षेविषयी. 'पुढील शब्दांचे अर्थ लिहा' हा प्रश्न अनेकार्थी शब्दाच्या बाबतीत निरर्थक आहे, कारण एक अर्थ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी एकच शब्द असलेली तीन वाक्ये द्यावीत, अर्थाने जवळची दोन कोणती ते विचारावे आणि निर्णयाचे कारण वाक्यातील कोणत्या खुणेवरून मिळाले ते लिहावयास सांगावे.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक कादंबरी आपल्या जगापुरतेच अर्थ देते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) मेंढपाळांच्या वस्तीतील मराठी देते. मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) मुंबईच्या झोपडवस्तीतील. एकीवर विसंबलेला वाचक दुसरीत पुन्हा अडखळेल. म्हणून कादंबऱ्या जोडीने नेमणे इष्ट. शिवाय वेळ पुष्कळ लागतो, आणि एका सत्रात वीस शब्दच झाले, असा हिशेब अभ्यासमंडळापुढे मांडताना संकोच वाटतो. परंतु ते वीस शब्द भाषेच्या प्रत्येक पृष्ठावर भेटणारे असतात, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.

७

सत्राच्या अखेरीस त्या विद्यार्थिनीने आपली कार्डे दाखविली. 'पान' या कार्डावर नऊ वाक्ये होती व त्यांचे तिने पाच गट पाडले होते. सर्पदंशाचे वाक्य तिने एकटेच, कोणत्याही गटात न घालता खाली लिहिले होते आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते. अर्थ आता तिला ठाऊक होता. सापाला पानच का म्हटले असावे, हे मात्र तिला समजले नव्हते. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकालाही देता आले नाही. परंतु जो शब्द तिला पूर्ण येतो असे वाटत होते, त्याच्याविषयी ती आता प्रश्न विचारू लागली होती. कादंबरीवाचनाने शब्दज्ञान वाढते, याचा अर्थ निदान अनेकार्थी शब्दांपुरता तरी हाच आहे.